चौथ्याचा कोट

सोमवार, ४

आजपासून कोट माझ्या ताब्यात. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की या सिनेमातल्या सैनिकांचे कपडे ही एकटी बघेल, आणि मी अशी मान डोलावली की जणू असली कामं मला रोजच मिळतात. मग कपड्यांच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि हात थंड पडलेत का ते पाहिलं. पडले होते.

इतकी वर्षं मी बाईंच्या हाताखाली कपडे जुने करत आले. नवाकोरा सदरा घ्यायचा आणि तो कुणाच्या तरी अंगावर वर्षानुवर्षं झिजलाय असं वाटायला लावायचं, हा माझा धंदा. नवरा ओळख करून देताना सांगतो की आमची ही चांगले कपडे खराब करते आणि वर पगारही घेते. तो स्वतः बेकरीत आहे. त्याचा पाव संध्याकाळपर्यंत शिळा होतो, माझा कोट सकाळीच शिळा लागतो, एवढाच काय तो फरक.

सिनेमा लढाईतला आणि भीतीचा. भूतबित काही नाही. तीन सैनिक एका तळघरात शत्रूचे संदेश ऐकत बसलेले असतात. पण ताटं चार, खाटा चार. चौथा कधी आला ते कुणाला आठवत नाही. विचारायची सोय नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की न जाणो, चौथे आपणच असू. शेवटी त्या चौथ्याच्या कोटाला डाव्या खिशाखाली गोळीचं भोक दिसतं. ते पहिल्या दृश्यापासून तिथेच असतं, फक्त कुणी पाहिलेलं नसतं. म्हणजे सगळा सिनेमा एका भोकावर उभा आहे आणि ते भोक पाडायचं आहे मला. पटकथा वाचल्यापासून ताटं मांडताना मोजायला लागले आहे.

खरी लढाई चालू असताना लोक हे बघायला कशाला येतील, असं नवऱ्याने विचारलं. आमचे दिग्दर्शक इतके हळू बोलतात की सगळे त्यांना कुजबुजे म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की लोकांना भीती हवीच असते, फक्त मध्येच उठून घरी जाता येईल अशी.

आमच्या घरात मात्र ताटं तीनच. मी, नवरा आणि दादा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो सैन्यात कपड्यांच्या गोदामावर होता. आघाडी त्याने पाहिलीसुद्धा नाही, आणि आम्ही सगळे त्याला चिडवायचो की तू कसला शिपाई, तू तर दुकानदार. मग एक दिवस त्याचं बोलणंच बंद झालं. त्यांनी त्याला आजारपणाच्या रजेवर आमच्याकडे पाठवून दिलं. महिनाअखेरीस लष्करी डॉक्टर तपासणार आहेत. बरा दिसला तर परत नेतील, नाही तर कायमचा सोडतील. तो बरा व्हावा म्हणून मी जिवाचा आटापिटा करते आणि फार बरा होऊ नये म्हणून रोज मनातल्या मनात हात जोडते. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिलं.

बुधवार, ६

कोट घरी आणले. स्टुडिओत प्रत्येक जण येता-जाता हात लावून बघतो, आणि मला कामात कुणी बघितलेलं चालत नाही. मागच्या खोलीत दोरी बांधून चारही लटकवले. जाड लोकर, वजनाला एखाद्या पोराएवढे.

कोपरांवर स्वयंपाकघरातली किसणी फिरवली. कॉलरला मेण आणि राख. कडांना पॉलिश पेपर. मग कोट ओले करून खिशात दगड भरून टांगले, म्हणजे खिसे माणसाचे हात घालून घालून लोंबतात तसे लोंबतील. कोपराच्या चुण्या मात्र हाताने येत नाहीत, अंगावरच याव्या लागतात. म्हणून सुकलेला एक कोट नवऱ्याला घालायला लावला. तो त्यातच जेवला. घाम पुसत म्हणाला की लढाईपेक्षा भट्टी बरी.

दादालाही काम द्यावं, नुसता खिडकीशी बसून असतो, म्हणून चौथ्याचा कोट त्याच्या हातात दिला आणि जरा घालून बसायला सांगितलं. त्याने आधी खिसे उलटे करून पाहिले. मग अस्तरावरून हात फिरवला. मग व्यवस्थित घडी घालून, कॉलर आत दुमडून, मला परत दिला. गोदामाची सवय अंगात मुरलीय. मला हसूच आलं. ज्याच्या हातातला कप बशीवर ठेवताना खडखड वाजतो त्याने घडी मात्र अशी घातली की इस्त्रीवाल्यानेही शिकावी.

शनिवार, ९

भोक पाडलं. यात माझा आठवडा गेला म्हटलं तरी चालेल, कारण तीन दिवस मी नुसती कोटासमोर कात्री घेऊन उभी होते. छोटी फुली कापायची, कडेचे धागे सुईने मोकळे करायचे, मग मेणबत्तीच्या धगीवर जरासे जाळायचे. फार जाळलं तर सिगारेटचं दिसतं, कमी जाळलं तर उंदराचं. शेवटी असं झालं की मलाच बघवेना. म्हणजे छान झालं.

नवऱ्याला दाखवलं. तो भाजी आणायला निघून गेला.

सोमवार, ११

भोक नाही.

आधी वाटलं चुकीचा कोट हातात घेतला. चारही उतरवले, खिडकीशी नेले, उजेडात धरले. कोपर झिजलेले आहेत, कॉलर मळलेली आहे, सगळं मी केलेलं जसंच्या तसं. डाव्या खिशाखाली अख्खी, धडधाकट लोकर. बोट फिरवलं. काही लागलं नाही.

मी भोक पाडलं होतं. नवऱ्याने पाहिलं होतं. त्याला विचारावं तर त्याच्या डोळ्यांत ती काळजी दिसेल जी सध्या दादाकडे बघताना असते. नाही विचारलं.

मंगळवार, १२

रात्री झोप नाही. स्टुडिओत चहा सांडला. बहुतेक असं झालं असेल की मी सरावाच्या तुकड्यावर भोक पाडलं आणि कोटावर पाडलं असं समजून बसले. कामाच्या ताणाने होतं असं. पटकथा उशाशी ठेवते ते बंद केलं पाहिजे.

एक बारीकशी गोष्ट. खिशात घातलेले दगड खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि पुसलेले. मी मांडले असतील. मला असल्या सवयी नाहीत, पण मी मांडले असतील.

बरी बातमी म्हणजे दादा जेवला, आणि त्याने पुन्हा मागून घेतलं. डॉक्टरांना सांगण्यासारखी पहिली गोष्ट. सांगायची का, तो प्रश्न वेगळा.

शुक्रवार, १५

परवा पुन्हा भोक पाडलं. या वेळी मुद्दाम मोठं. आज संध्याकाळी पाहिलं तर ते गेलंय, आणि दुसऱ्या कोटाचे किसणीने झिजवलेले कोपरही भरून आलेत. मी जमिनीवर बसले. मग उठून दार आतून लावलं आणि पुन्हा बसले.

काय काय विचार केला ते लिहून ठेवते. नवरा थट्टा करतो असं म्हणावं तर त्याला बटण लावता येत नाही. स्टुडिओतल्या कुणी कोट बदलले म्हणावं तर घराची किल्ली कुणाकडे आहे? दादा खिडकीशी बसलेला असतो, त्याला तर सदऱ्याच्या गुंड्यासुद्धा मी लावून देते. राहता राहिले मी. मीच पाडते, मीच भरते, आणि मला आठवत नाही. सिनेमातल्या त्या तिघांनाही असंच वाटत असतं. पटकथेतलं एक पान आहे, त्यात एक सैनिक सकाळी उठतो तर त्याचे बूट चिखलाने भरलेले असतात. मीही दिव्याखाली माझी बोटं पाहिली. सुई टोचल्याची खूण शोधत होते.

मोठ्या बाई सोमवारनंतर केव्हाही कोट बघायला मागतील, म्हणून तिसऱ्यांदा भोक पाडलं. कुजबुजेंनी आज विचारलं, चौथा कसा आहे? मी म्हटलं, बरा आहे. ते म्हणाले, बरा नको आहे. सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच.

शनिवार, १६

दादा बोलला! इतक्या महिन्यांनी एक अख्खा प्रश्न. मी भांडी घासत होते, तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बारीक सुई आहे का?"

मी हात न धुताच सुयांचा डबाच्या डबा त्याच्या हातात दिला. सदऱ्याची शिवण उसवली असेल. स्वतःच्या कपड्यांकडे लक्ष जायला लागलं, आणखी काय हवं? त्याने प्रत्येक सुई डोळ्यासमोर धरून बघितली आणि एक निवडली. मला रडू आलं. नवऱ्याला सांगितलं तर तो विचारात पडला आणि म्हणाला, त्याला सुईचं काय काम? आनंदाच्या गोष्टीतही शंका काढायची खोड आहे त्याला.

सोमवार, १८

स्टुडिओतली वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. किल्लीने दार उघडून आत आले. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

दादा खिडकीच्या उजेडात बसला होता. मांडीवर चौथ्याचा कोट, उलटा केलेला. शेजारी रुमालावर खिशातले दगड ओळीने. कोटाच्याच खालच्या दुमडीतून त्याने धागे ओढून काढले होते आणि त्यांनी तो भोक भरत होता, एक धागा उभा, एक आडवा, विणल्यासारखं. त्याचा हात थरथरत नव्हता. अजिबात नाही.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. वेडी मी नाही, हा आहे. असं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली. मग राग आला आणि मी तोंडाला येईल ते बोलले, की माझी पहिली संधी आहे, की तू घरात बसून माझ्या पोटावर पाय देतोस. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "एवढा धागा संपू दे."

तो संपला. त्याने दाताने तोडला नाही, कात्रीने कापला. मग तो बोलला. मध्ये मध्ये थांबत, पण बोलला, आणि मी जमिनीवर बसून ऐकत राहिले.

आम्हाला वाटायचं तसा तो गोदामात ब्लँकेटं मोजत नव्हताच. त्याच्या गोदामात आघाडीवरून गाठोडी यायची. ज्यांना आता कोटाची गरज उरली नाही त्यांचे कोट. आधी खिसे रिकामे करायचे. खिशात जे असेल ते एका कापडावर ओळीने मांडायचं, कोणीतरी येऊन घेऊन जायचं. मग धुवायचं, मग रफू, मग इस्त्री, आणि नव्या भरतीच्या पोरांना वाटायला पाठवायचं. रफू अशी पाहिजे की नव्या पोराला कळता कामा नये. कळलं तर पहिल्याच दिवशी त्याचं धैर्य जातं. दादा त्यात सगळ्यांत चांगला होता. बाकीच्यांचं काम दिसायचं, त्याचं दिसायचं नाही. आम्ही त्याला दुकानदार म्हणायचो.

मी विचारलं, मग बोलणं का सोडलंस? त्याने सुई पुसून डब्यात ठेवली.

"एक कोट होता. खाकी धागा संपला होता म्हणून मी आतून हिरवा वापरला होता, थोडासाच. तो परत आला. पोटाशी भोक. मी केला. पुन्हा आला."

"तोच?"

"आतून हिरवा होता ना. मी वाईट केला असता तर चिंध्यांत टाकला असता त्यांनी. कुणी घातलाच नसता."

मी त्याच्या हातातला कोट घ्यायला गेले तर त्याने तो सोडला नाही. म्हणाला, घरात भोक असलेला कोट लटकतो तेव्हा त्याला बसवत नाही. त्याला माहीत आहे की हा सिनेमाचा आहे. हाताला माहीत नाही.

बुधवार, २०

तोडगा काढला. सिनेमासाठी चौथ्याचा एक जादा कोट होता, तो जुना केला, त्याला भोक पाडलं आणि नवऱ्याबरोबर बेकरीत पाठवून दिला. पिठाच्या खोलीत टांगलाय. रफू झालेला घरी ठेवलाय, तो पाहून दादा शांत असतो.

आता संध्याकाळी आम्ही दोघं बसतो. मी जुन्या गोणपाटांना, फडक्यांना भोकं पाडते आणि तो ती भरतो. एकाच आईची दोन पोरं, एक फाडतं आणि एक शिवतं, असं मी म्हटलं तर तो हसला. खरोखर हसला. मी कुठे चुकते तेही त्याने दाखवलं. माझं भोक फार गोल असतं म्हणे, गोळी इतकी नीटनेटकी नसते. हे त्याने भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात सांगितलं.

एवढं सगळं बरं चाललंय, राहिली ती तपासणी. मंगळवारी आहे.

रविवार, २४

ठरलं. मी बरोबर जाणार आणि सगळं सांगणार. त्याचा हात थरथरतो, झोप नाही, हे सगळे घरचे सांगतातच, डॉक्टर रोज ऐकत असतील. मी कोट घेऊन जाणार आहे. खोट्या कोटाला गोळी लागली असं समजून ज्याने तीन-तीनदा रफू केली, तो माणूस आजारी आहे याला याहून मोठा पुरावा काय पाहिजे? बोलणं खोटं ठरवता येतं, कापड समोर ठेवलं की झालं. मी या धंद्यात उगीच नाही आले.

नवरा म्हणाला, "पण त्या कोटात दिसणार काय?"

"तेच तर," मी म्हटलं. "काहीच दिसणार नाही."

तो म्हणाला, दादालाच बोलू दे, कोटबिट नको. मी म्हटलं, दादा काय बोलणार, होय आणि नाही. याला प्रत्येक गोष्टीत माघार घ्यायची सवय आहे. कोट इस्त्री करून, कागदात गुंडाळून ठेवलाय. मोठ्या बाईंकडून एक दिवसाची सुट्टी मागून घेतली. आज बऱ्याच दिवसांनी झोप येईल असं वाटतं.

मंगळवार, २६

लांब बाकं, भिंतीला हिरवट रंग, प्रत्येक बाकावर एक गप्प माणूस आणि त्याच्या शेजारी बोलणारी एक बाई. आम्हीही तसेच.

डॉक्टर वाईट नव्हता. दमलेला होता, माझ्याच वयाचा. दादाला विचारलं, जेवतोस का, तो होय म्हणाला. झोपतोस का, तो नाही म्हणाला. मला वाटलं, आता. मी पुढे होऊन सगळं सांगितलं, सिनेमा, भोकं, दगडांच्या ओळी, तो हिरवा धागा. भरभर सांगितलं आणि शेवटी कोट टेबलावर पसरला.

डॉक्टर म्हणाला, "दाखवा, कुठे केलंय?"

मी डाव्या खिशाखाली बोट ठेवलं. तिथे नव्हतं. जरा वर पाहिलं, मग आतून. मी पाडलेलं भोक, मला माहीत असलेली जागा, आणि मला ती सापडेना. डॉक्टरने कोट उचलून खिडकीच्या उजेडात धरला. त्यालाही सापडली नाही. त्याने दादाला विचारलं तेव्हा दादाने न बघता बोट नेमकं ठेवलं. किती वेळ लागला? दुपारभर. हात थरथरला नाही? "कामात नाही थरथरत," दादा म्हणाला. त्याला कधीच खोटं बोलता आलेलं नाही.

डॉक्टरने कोट घडी करून मला दिला आणि म्हणाला, "बाई, आज सकाळपासून माझ्यासमोर असा एकही माणूस आला नाही की ज्याने एखादं काम हातात घेऊन पुरं केलंय."

शिक्का बसला. कामास योग्य. मी म्हटलं, निदान त्याच गोदामात पाठवा. त्याने कागद चाळले. शिवणकामावर आता बायका घेतल्यात, पुरुष पुढे आघाडीवर जातात, म्हणाला.

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच थांबले. दादाने माझ्या हातातलं कोटाचं बोचकं घेतलं, जड होतं म्हणून. मला ओरडायचं होतं की चिड, मार मला. तो म्हणाला, चल, बस चुकेल.

घरी नवऱ्याने काही विचारलं नाही. मी त्याला म्हटलं, बोल ना, तू सांगितलं होतंस. तो म्हणाला, मला तरी कुठे माहीत होतं. त्याला माहीत होतं. म्हणून तो चांगला आहे आणि म्हणूनच आज मला त्याचं तोंड बघवत नाही.

गुरुवार, २८

शूटिंग सुरू. बेकरीतला कोट मागवून घेतला आणि भोकाची गोलाई दादाने सांगितल्याप्रमाणे मोडली. चौथ्याचं काम करणारा नट तक्रार करत होता की याला ताज्या पावाचा वास येतो आणि सारखी भूक लागते. लोक हसले. मी कोपऱ्यात उभी होते.

भोकाचा जवळून शॉट घेतला. पडद्यावर लावून बघितला. कुजबुजे माझ्याजवळ आले आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, हे तुम्ही कुठे पाहिलंत? हे गोल नाही. मोठ्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढचा सिनेमाही मलाच देणार आहेत म्हणे. याच दिवसासाठी मी इतकी वर्षं थांबले होते आणि मला तिथून कधी एकदा पळते असं झालं होतं.

तळघरात ते तिघं जेवायला बसतात तो प्रसंग संध्याकाळी झाला. चार ताटं मांडली. एका तंत्रज्ञाला भीती वाटली असं त्याने सांगितलं. मला वाटली नाही. मी घरचा विचार करत होते. शनिवारी दादाला हजर व्हायचंय, मग ताटं दोन.

शनिवार, ३०

दादा गेला.

भरती केंद्राच्या आवारात ओळी होत्या. नाव वाचलं की पुढे जायचं, बूट, पट्टा, कोट घ्यायचा, बाजूला येऊन घालायचा. घरच्यांना तिथपर्यंत सोडत होते. आजूबाजूला सगळी कोवळी पोरं, त्यांच्यात दादा म्हणजे मास्तर वाटत होता. नवऱ्याने पावांची पिशवी आणली होती, ती त्याने ओळीत वाटून टाकली. कुणाशी काय बोलावं हे न सुचल्यावर तो असंच काहीतरी करतो.

दादा कोट घेऊन आला. इस्त्री केलेला, कडक, बटणं चकचकीत. त्याची बोटं नेहमीसारखी थरथरत होती म्हणून मीच बटणं लावायला घेतली. वरची दोन लावली. तिसरं लावताना कोट सरळ करायला हात आत घातला आणि बोटांना लागलं. छातीच्या जरा खाली, उजव्या बाजूला. महिन्यापूर्वी मला कळलं नसतं. दादाचं काम अजूनही सापडत नाही, पण त्याच्याबरोबर संध्याकाळी बसून बसून दुसऱ्यांचं बोटांना कळायला लागलंय. उभा धागा, आडवा धागा. फार सुबक.

मी हात तसाच ठेवला आणि म्हटलं, दादा, हा बदलून घेऊ, मी जाऊन सांगते, हा तुला घट्ट होतोय. तो माझ्याकडे बघत होता. त्याला केव्हाच कळलं होतं. हातात घेतल्या घेतल्या कळलं असणार.

मी वळून कोट वाटणाऱ्या खिडकीवरच्या माणसाकडे बघितलं. त्याच्या मागे कोटांचे ढीग होते, सगळे असेच इस्त्री केलेले, आणि ओळीतली पोरं ते अंगात घालून एकमेकांच्या खांद्यावरच्या सुरकुत्या झटकत होती, एकमेकांना कसं दिसतंय ते विचारत होती.

"राहू दे," दादा म्हणाला. "कुणीतरी चांगला केलाय."

मी तिसरं बटण लावलं. मग चौथं. मग ओळ पुढे सरकेपर्यंत हात तिथेच ठेवून उभी राहिले.